चावीवाले अण्णा ‘न्हाय’ म्हणाले

आमच्या रेल्वेत माणूस रिटायर होतो, त्याचे किस्से मात्र ड्युटीवरच राहतात. नुसते राहत नाहीत, दरवर्षी त्यांना इन्क्रिमेंटही लागतं! परवा एका निरोप समारंभात एका तरुण इंजिनिअरनं मलाच सांगितलं, “मॅडम, तुम्हाला माहितीय का, कोळेकर अण्णांनी एकदा एका साहेबाला झाडाला बांधून ठेवलं होतं!”

मी त्या दिवशी तिथं होते. झाड नव्हतं. दोरी नव्हती. साहेबाला फक्त खुर्चीवर बसवलं होतं, आणि तेही अण्णांनी नाही, त्यांच्या बायकोनं. पण सांगते, सगळं सांगते. जे मी स्वतः पाहिलं किंवा अण्णांच्या तोंडून ऐकलं, तेवढंच. बाकीच्या भेसळीला मी जबाबदार नाही.

अण्णा म्हणजे बिरू अण्णा कोळेकर. माळशिरसकडच्या मेंढपाळ घरातला माणूस. सोलापुरात रेल्वेत गँगमन, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतले कामगार, म्हणून लागले, मग चावीवाला झाले. चावीवाला म्हणजे रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासत जाणारा माणूस. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. पुढं युनियनचे सेक्रेटरी झाले, रिटायर झाल्यावर नगरसेवक झाले, आणि आता ह्या वयात ‘युद्ध नको’ लिहिलेली पाटी घेऊन स्टेशनबाहेर उभे राहतात. मी मंगल. त्याच इंजिनिअरिंग ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले आणि हेडक्लार्क होऊन बाहेर पडले. त्या माणसापायी मला किती मेमो मिळाले ते विचारू नका!

*

त्या काळी एक पद्धत होती. कागदावर कुठंच नव्हती, पण होती. गँगमधला एखादा माणूस साहेबाच्या बंगल्यावर ‘लागायचा’. हजेरी रुळावर, काम बागेत!

एक दिवस मुकादम अण्णांना म्हणाला, “बिरू, उद्यापास्नं तू बंगल्यावर. कुत्र्याला आंघोळ घालायची, झाडांना पानी घालायचं. मजा हाय की तुझी!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अण्णा बंगल्यावर हजर. एका हातात हातोडा, खांद्यावर लांब पाना, पाठीला झेंड्यांची पिशवी. साहेब चहाचा कप घेऊन व्हरांड्यात आले.

“हे काय आणलंस?”

“ड्युटीचं सामान, साहेब.”

असं म्हणून अण्णांनी काम सुरू केलं. फाटकाच्या बिजागरीवर हातोडा मारला. टण्ण! तुळशीकट्ट्याला हळूच ठोकून पाहिलं. साहेबांच्या स्कूटरपाशी वाकून दोन्ही चाकं बघितली. कुत्रं भुंकायला लागलं, तर त्याच्याकडं मान तिरकी करून नीट पाहून घेतलं. अख्ख्या बंगल्याला फेरी मारली. मग खिशातनं चावीवाल्याची डायरी काढली, त्यात सावकाश चार ओळी लिहिल्या आणि साहेबांपुढं धरली.

“सही करा, साहेब.”

डायरीत लिहिलं होतं: ‘आज सकाळी साहेबांचा बंगला तपासला. रूळ आढळला नाही.’

साहेबांनी सही केली नाही. पण त्या आठवड्यात बंगल्यांवर लागलेले बाकीचे तिघं गँगमनही हातोडा घेऊन कामावर गेले! मग मात्र एकेक करून सगळे परत रुळावर आले आणि साहेब लोकांनी आपापले माळी शोधले.

अण्णांना चार्जशीट मिळाली.

*

चार्जशीट इंग्रजीत होती. अण्णांची शाळा सातवीपर्यंत. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत दिली. “साहेब, गुन्हाच कळंना, तर कबूल काय करू?”

मग हिंदीतली आली. अण्णा म्हणाले, “हे तर इंग्रजीपरास अवघड हाय!”

शेवटी मराठीत करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडं आलं. मी नवीन होते. बुधवार पेठेतून चालत ऑफिसला यायचे, मान खाली घालून टाईप करायचे आणि मान खाली घालून घरी जायचे. साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहून मी वाचून दाखवलं, “आपण कर्तव्याप्रती निष्ठा राखण्यात कसूर केली असून, रेल्वे सेवकास अशोभनीय असे वर्तन केले आहे.”

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. “ताई, परत एकदा वाचा.”

मी वाचलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि साहेबांना अगदी नम्रपणे विचारलं, “साहेब, ह्यातलं कर्तव्य म्हंजे कुटलं? रूळ का कुत्रं?”

फाइल ‘समज देण्यात येत आहे’ असं लिहून बंद झाली. कॉरिडॉरमध्ये अण्णा मला म्हणाले, “जयभीम ताई. तुमी मराठी लई झ्याक टाईप करता. युनियनमध्ये या की!”

मी घाबरले. म्हटलं, “अण्णा, माझी नोकरी जाईल.”

“जाईल की! पर एकदम न्हाय जात. लई कागद लागत्यात. आनि ते समदे कागद तुमालाच टाईप करायचे हायत!”

मी त्याच आठवड्यात मेंबर झाले.

*

एकदा गँगला नवीन बूट आले. कुठल्या कंत्राटदारानं दिले कोण जाणे, सगळेच्या सगळे दहा नंबरचे! आमचे गँगमन सहा-सात नंबरवाले. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, “आत कापूस घाला.”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी अख्खी गँग ते बूट घालून ऑफिसवर आणली. चाळीस माणसं फरशीवरून चालत आली. फटाक्, फटाक्, फटाक्! आम्ही सगळे टेबलं सोडून बाहेर. हसून हसून पुरेवाट झाली. साहेबही हसले.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी एक जोड काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. “साहेब, हे घाला आनि टिकेकरवाडी टेशनापर्यंत खडीवरनं चाला. म्हागनं गाडी येतीया आसं समजायचं. मग पळा.”

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. आठवड्याभरात गँगचे बूट बदलून आले.

*

हा किस्सा हसण्यासारखा नाही. पण तो वगळला तर अण्णा कळणार नाहीत.

यल्लप्पा नावाचा गँगमन होता, अक्कलकोटकडचा. मराठी बोलायचा, पण राग आला की कन्नडमध्ये यायचा. एका वळणावर काम चालू होतं. ह्या लाइनीवर गाडी आली म्हणून तो त्या लाइनीवर सरकला, आणि त्याच वेळी तिकडूनही मालगाडी आली. गाडी आली की शिट्टी मारून सावध करणारा माणूस तिथं हवा होता. माणसं कमी म्हणून त्या दिवशी कुणाला उभंच केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक साहेब यल्लप्पाच्या घरी फुलांचं चक्र घेऊन गेले. त्याची बायको महादेवी दारात उभी होती. तिनं हात आडवा केला.

“हू बेडा,” ती म्हणाली. फुलं नकोत.

साहेबांना कळलं नाही. त्यांनी चक्र पुढं केलं. ती परत म्हणाली, “हू बेडा. न्याय बेकु.”

हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. साहेब चक्र घेऊन परत आले.

आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला: ‘मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा’. तो रिपोर्ट मीच टाईप केला. ‘निष्काळजीपणा’ ह्या शब्दावर माझा हात थांबला. मागं हेडक्लार्क उभे होते. मी टाईप केलं. पण एक कॉपी जास्त काढली आणि जेवणाच्या डब्याखाली घालून ऑफिसबाहेर नेली. आयुष्यात पहिल्यांदा ऑफिसचा कागद बाहेर नेला!

अण्णांनी तो वाचला.  गँगमधली पोरं म्हणत होती, “अण्णा, रुळावर बसू या. गाड्या बंद पाडू या!”

“न्हाय,” अण्णा म्हणाले. “गाडीत आपलीच मानसं असत्यात. एकबी गाडी अडवायची न्हाय. उद्यापास्नं फकस्त नियम पाळायचे.”

झालं! दोन्ही बाजूंना शिट्टी आणि झेंडा घेतलेला माणूस उभा असल्याशिवाय गँग रुळावर पाय ठेवेना. लेखी सूचना आल्याशिवाय हत्यार उचलेना. गाडी येणार म्हटलं की सगळे नियमात लिहिलंय तितकं लांब जाऊन उभे. पुस्तकात जे जे होतं ते ते, काना-मात्रासुद्धा न सोडता! रुळाची कामं रखडली, गाड्या हळू सोडाव्या लागल्या आणि तीन दिवसांत त्यांची अशी काही रांग लागली की मोठे साहेब स्वतः वरून धावत आले.

“कोळेकर, ही काय दादागिरी चालवलीय?”

“दादागिरी न्हाय साहेब. पुस्तक चालवलंया.”

“कुठलं पुस्तक?”

“तुमचंच. आमी निस्तं वाचायला लागलो.”

चौकशी परत झाली. ‘निष्काळजीपणा’ गेला, ‘गाडीचा इशारा देणारा कर्मचारी नेमला नव्हता’ हे आलं. महादेवीला आमच्याच ऑफिसात शिपाई म्हणून नोकरी लागली. नवा रिपोर्टही मीच टाईप केला. हेडक्लार्क ह्याही वेळी मागं उभे होते, पण ह्या वेळी माझा हात थांबला नाही.

*

आता ते झाड आणि दोरी.

गँगमध्ये बायका यायला लागल्या होत्या. हातोडा पुरुषांइतकाच जड, ऊन पुरुषांइतकंच, पण दिवसभर आडोसा कुठं नाही. सोलापूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात ह्या बायका सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत, कारण प्यायलं तर जायचं कुठं? शोभा नावाची एक पोर चक्कर येऊन खडीवर पडली, डोकं फुटलं. अण्णांनी संडास आणि विसाव्याच्या खोलीची मागणी केली. उत्तर आलं, ‘विचाराधीन आहे’.

अण्णा ऑफिससमोर मांडव घालून उपोषणाला बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बायको काशीबाई आली. काशीबाई म्हणजे पाच फूटसुद्धा नाही, पण आवाज इंजिनाचा! ती अण्णांच्या समोर बसली, फडकं सोडलं आणि कडक भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खायला लागली. कडाम्! कुर्रम! सगळा मांडव तिच्याकडं बघतोय.

मी कानात म्हटलं, “काशीबाई, अहो, उपोषण आहे.”

“त्येंचं हाय. माजं न्हाय,” ती म्हणाली. “मला साहेबाशी बोलायचंय. उपाशीपोटी माजा आवाज निघत न्हाय.”

नेमके तेव्हाच साहेब मांडवात आले. अण्णांना समजवायला. काशीबाई उठली. हात पुसले. साहेबांना खुर्ची दिली. तांब्या-भांडं पुढं केलं. “पानी घ्या, साहेब. लई ऊन हाय.”

साहेब प्यायले.

“अजून घ्या.”

प्यायले. तिसरं भांडं तिनं इतक्या प्रेमानं भरलं की त्यांना नाही म्हणता येईना.

मग काशीबाई त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “आता पाच वाजेपर्यंत हितंच बसा. उटायचं न्हाय.”

साहेबांना आधी कळलं नाही. मग मांडवातल्या बायकांच्या तोंडाला पदर गेले आणि त्यांना कळलं. ते उठायला लागले तर बायका बाजूला सरकल्या, वाट दिली. कुणी अडवलं नाही! पण एवढ्या बायकांसमोरून कसलं उठून जातात? पाऊण तास बसले बिचारे. कपाळावरचा घाम पुसत होते, पाय हलवत होते, घड्याळ बघत होते.

शेवटी म्हणाले, “कागद आणा.”

मांडवातच मंजुरीची सही झाली. सही करून साहेब जे पळाले! अण्णांनी लिंबूपाणी घेतलं आणि बायकोला म्हणाले, “मी तीन दिस उपाशी बसलो गं. तू आदीच का न्हाय आलीस?”

“तुमी बोलावलं व्हतं का?”

*

रिटायर झाल्यावर अण्णा महापालिकेला अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं शिट्टी. जीप नाही, बॅनर नाही. रोज सकाळी पंधरा-वीस म्हातारे गँगमन एका लाइनीत शिट्ट्या मारत वॉर्डातून चालायचे. बायका दारातून ओरडायच्या, “आली गं गाडी!” निसटत्या मतांनी का होईना, अण्णा निवडून आले.

रुळालगतच्या झोपड्या उठवायचा ठराव सभागृहात यायचा होता. कुणाचं मत कुठं जाईल याचा नेम नव्हता. आदल्या दिवशी एक मोठे पुढारी अण्णांच्या घरी आले. सोबत चार गाड्या. मी वॉर्डातल्या लोकांचे अर्ज लिहायला तिथंच बसले होते.

“अण्णा, अपक्ष राहून काय मिळणार? आमच्याकडं या. चांगलं पद देतो. अहो, माणसानं पुढं जायला पाहिजे!”

अण्णा म्हणाले, “साहेब, मी जनम रुळावर काढला. गाडी रूळ सोडून गेली तर ती फुडं गेली म्हनत न्हाईत.”

“मग?”

“घसरली म्हनत्यात!”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी विरोधात हात वर केला. त्यांचं बघून आणखी काही हात वर आले. ठराव लांबला तो लांबलाच. झोपड्या आजही तिथंच आहेत. आणि पद? ते अण्णांना पुढं कधीच कुणी देऊ केलं नाही.

*

मग ती दुपार. फोनवर काहीतरी फिरलं. कुणाचा तरी कुठला तरी व्हिडिओ, खरा की खोटा देव जाणे. वॉर्डातल्या एका चौकात दोन्हीकडून पोरं जमली. एका गल्लीत तेलुगू बोलणारी विणकरांची घरं, दुसऱ्या गल्लीत मुसलमानांची. चाळीस वर्षं एकमेकांच्या लग्नात जेवलेली माणसं, आणि पोरांच्या हातात दगड!

अण्णा घरात गेले आणि जुनी पिशवी घेऊन आले. चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. उजव्या हातात लाल झेंडा, डाव्या हातात हिरवा. जसे रुळावर उभे राहायचे तसेच!

इकडून आरडाओरडा सुरू झाला, “हिरवा खाली घ्या! हिरवा कशाला?”

तिकडून एक पोरगा ओरडला, “चचा, तुम बाजू हो जाव! तुमकू लगींगा!”

अण्णांनी हिरव्या झेंड्याकडं पाहिलं. “ह्याचा तरास हुतोय व्हय? बरं, घेतला खाली.” त्यांनी तो गुंडाळून काखेत मारला आणि लाल झेंडा दोन्ही हातांनी उंच धरला.

“आता दोन्हीकडनं तांबडा हाय. थांबा दोगंबी! हिरवा कवा दावायचा त्ये मी ठरीवनार!”

एक दगड आलाच. कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णांच्या कपाळातून रक्त यायला लागलं. मी धावले तर माझ्यावरच खेकसले, “ताई, लाइन क्लिअर न्हाय! म्हागं व्हा!”

रक्त बघून दगड धरलेले हात खाली आले. एक म्हातारा विणकर घरातनं खुर्ची घेऊन आला. “अण्णा, बसा जरा.”

“बसलो की गाडी सुटंल,” अण्णा म्हणाले.

पोलिस येईपर्यंत ते तसेच उभे होते. एका गल्लीतनं आया आल्या आणि पोरांना बखोट धरून घेऊन गेल्या. ते बघून दुसऱ्या गल्लीतल्याही आल्या. चौक रिकामा झाल्यावर अण्णांनी काखेतला हिरवा झेंडा काढला, रिकाम्या चौकाला दाखवला आणि मग दवाखान्यात गेले. तीन टाके पडले.

*

तेव्हापासून अण्णांना शांततेचं वेड लागलं. काशीबाईचा शब्द, माझा नाही! शाळांमध्ये जाऊन बोलायचे, मोहल्ल्यांत बैठका घ्यायचे. सीमेवर तणाव वाढला, टीव्हीवर रोज लढाई सुरू झाली, तेव्हा त्यांनी ती पाटी केली. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या अक्षरात: ‘युद्ध नको’. दर शनिवारी सकाळी एक तास स्टेशनबाहेर उभे राहायचे. एकटे.

धमक्यांचे फोन सुरू झाले. एकदा माझ्यासमोर आला. अण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

“ए म्हाताऱ्या, एवढा पुळका आहे तर पाकिस्तानात जा!”

“जातो की!” अण्णा म्हणाले. “रिटायर झालोय, पास हाय. पर तिकडची गाडी बंद केलीया. तुमी तेवडी चालू करा. आमची तरी दुसरी काय मागनी हाय?”

पलीकडून फोन कट.

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. मी त्या शनिवारी स्टेशनवर गेले होते, बहिणीला आणायला.

अण्णा नेहमीच्या जागी उभे होते. त्या दिवशी गर्दी जास्त होती, आणि गर्दी त्यांच्याभोवतीच होती. दहा-बारा माणसं, मोबाइल वर करून. “लाज वाटत नाही का?” “तिकडं जवान मरतात आणि तुम्ही हितं पाटी घेऊन उभे!” एकानं पाटीवर हात मारला. पत्रा वाजला. अण्णांनी पाटी सरळ केली.  मी गर्दीत घुसायचा प्रयत्न करत होते.

तेवढ्यात रिक्षातून एक बाई उतरली. पन्नाशीची, नऊवारी, डोक्यावर पदर, पायात रबरी चपला. तिच्या मागून तिचा मुलगा उतरला, फौजेच्या वर्दीत. खांद्यावर काळी लोखंडी ट्रंक, त्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. सुट्टी संपवून परत निघालेला. मुलगा तिकिटाच्या खिडकीकडं काहीतरी विचारायला गेला.

गर्दीतल्या एकानं त्या बाईला पाहिलं आणि त्याला जोर आला. “या मावशी, या! तुमीच सांगा ह्याला! तुमचा मुलगा सीमेवर चाललाय ना? विचारा ह्या म्हाताऱ्याला!”

गर्दीनं वाट करून दिली. बाई पुढं आली. मोबाइल सगळे तिच्याकडं वळले. ती अण्णांच्या अगदी समोर उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. त्या माणसानं मान खाली घातलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तिनं पाटीकडं बोट केलं. “काय लिवलंय? मला वाचाया येत न्हाय.”

अण्णा हळू आवाजात म्हणाले, “युद्ध नको, आसं लिवलंय.”

बाईनं अण्णांच्या हातातनं पाटी घेतली. गर्दीत टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, “मोडा मावशी, मोडा!”

तिनं पाटी उलटी-सुलटी करून पाहिली. “वरची बाजू कुटली?”

अण्णांनी दाखवली.

तिनं ती नीट छातीशी धरली आणि गर्दीकडं तोंड करून अण्णांच्या शेजारी उभी राहिली.

“तुमी बसा जरा,” ती अण्णांना म्हणाली. “गाडीला अजून टाइम हाय.”

टाळ्या थांबल्या. एकेक मोबाइल खाली गेला. मुलगा ट्रंक सावरत गर्दीतून वाट काढत आला आणि आईला बघून जागच्या जागी थांबला.

“आये! काय करायलीस हितं?”

“उबी हाय की,” ती म्हणाली.

पोरानं पाटीकडं पाहिलं. आईकडं पाहिलं. मग खांद्यावरची ट्रंक खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उभा राहिला.